उरलेला पाय

आमच्या घरात ‘पाय’ म्हटलं की कुणी खाली बघत नाही. माझे बाबा एकेचाळीस वर्षं एका बेकरीत भट्टीवर होते आणि ती बेकरी फळांच्या पायांसाठी नावाजलेली होती. खाली मैद्याचं कवच, वर मैद्याचं झाकण आणि मध्ये साखरेत शिजवलेलं फळ. सफरचंद, नासपती, आलुबुखार, त्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते. तीन दिवसांत जे पाय विकले जात नसत ते आमच्या घरी येत. इतर मुलांचे बाप खाऊ आणायचे, आमचा बाप माघारी आलेला माल आणायचा.

गेल्या वर्षी शेजारच्या बाईंनी दारातून विचारलं, “बाबा दिसले नाहीत आज?” मी म्हटलं, “आत आहेत, पाय गरम करताहेत.” दहा मिनिटांत त्या बिचाऱ्या गरम पाण्याची रबरी पिशवी आणि सांधेदुखीचं मलम घेऊन हजर. बाबा आणि त्या दोघंही हसले, मी नाही. मला या पदार्थाच्या बाबतीत हसू येत नाही, किळस येते. नावड वेगळी आणि किळस वेगळी. नावडीचं माणूस ताटात बाजूला सारतं, किळस आली की ताटच सरकवावं लागतं.

ताज्या पायाबद्दल मी काही बोलणार नाही, कारण तो मी कधी खाल्लाच नाही. मी सांगते आहे ते शिळ्या आणि पुन्हा गरम केलेल्या पायाबद्दल. तीन दिवसांत फळाचा रस खालच्या कवचात उतरतो आणि त्याचा ओला पुठ्ठा होतो. वरचं झाकण घाम फुटल्यासारखं चिकट होतं. मधला गर थंड असताना थरथरतो, गरम झाला की पातळ होऊन भेगांतून बाहेर येतो, आणि त्याचा तो रंग मी एरवी फक्त पिकलेल्या गळवात पाहिला आहे. वासाचं तर विचारूच नका. जुनं लोणी, करपलेली साखर, दालचिनी आणि त्या सगळ्याखाली न वाळलेल्या फडक्याचा आंबूस दर्प. आई तो वास घरभर करून म्हणायची, “खा गपचूप, अन्नाला नावं ठेवू नयेत.” मी नावं ठेवत नसे. नाक दाबून गिळायची आणि नंतर गुपचूप ओकायची.

पुढे मी धंदा असा निवडला की तिथे किळस करून चालतच नाही. मी दातांच्या कवळ्या करते. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या घडवते, दात बसवते, घासूनपुसून चकचकीत करते. दुरुस्तीला येणाऱ्या कवळ्या लोक धुवूनसुद्धा पाठवत नाहीत. सत्तावीस वर्षं मी परक्यांच्या तोंडातलं आदल्या दिवशीचं जेवण बारीक ब्रशने काढते आहे आणि माझं पोट एकदाही ढवळलेलं नाही. पण बाबांच्या कवळीत अडकलेली आलुबुखाराची साल दिसली की ढवळतं. ती कवळी मीच केली आहे, माझ्या हातची सगळ्यात सुबक कवळी, आणि बाबा पाय खाऊन झाला की ती काढून त्याच खरकट्या बशीत ठेवतात.

आई गेल्यावर, चौदा महिन्यांपूर्वी, बाबा माझ्याकडे राहायला आले. माझ्या खोल्या दोनच. आतली मी त्यांना दिली आणि बाहेर सोफ्यावर झोपायला लागले. कपाट मात्र आतच राहिलं, त्यामुळे रोज सकाळी स्वतःचे कपडे काढायला स्वतःच्याच खोलीचं दार वाजवायचं. माझं लग्न झालेलं नाही. त्यामुळे ‘तुला काय, तू एकटीच तर आहेस’ हे वाक्य सगळ्यांकडे तयार होतं. सगळ्यांकडे म्हणजे दादाकडे. दादा माझा मोठा भाऊ. दुसऱ्या शहरात असतो, वर्षातून तीनदा येतो आणि माझ्या दाराची कडी रुमालाने धरतो.

बाबांच्या मागोमाग पायही आले. बेकरी आता दुसऱ्या मालकाची आहे, पण मळ्या अजून तिथेच आहे. मळ्या म्हणजे पीठ मळणारा. त्याला सगळे मळ्याच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो उरलेले पाय खोक्यात घालून आणतो आणि म्हणतो, “वस्तादांसाठी.” एकदा मी त्याला जिन्यात गाठलं.

“नका हो आणत जाऊ. खाणार कोण एवढे?”

“मग काय टाकून देऊ, ताई?” तो अशा आवाजात म्हणाला की जणू मी त्याला मूल टाकायला सांगितलं होतं.

हो, टाकून द्या! पण हे मी मनातच म्हटलं.

पाय फ्रीजमध्ये ठेवायला बाबांची बंदी. “फ्रीजमध्ये पाय मरतो,” म्हणतात. त्याला खाली लाकूड लागतं, वर सुती कापड लागतं आणि चारी बाजूंनी हवा लागते. म्हणून माझ्या घरात पाय कुठेही सापडतो. खिडकीत, पुस्तकांवर, चपलांच्या कपाटावर. मुंग्यांनी आमच्याकडे कायमचं बिऱ्हाड केलं आहे. बुरशी धरली तर बाबा ती अंगठ्याने पुसतात, अंगठा पँटला पुसतात आणि सांगतात, “वरचं वर काढलं की आत सोनं आहे.” एकदा सकाळी मी अनवाणी स्वयंपाकघरात गेले आणि पायाखाली पाय आला. बोटांच्या बेचक्यांतून कोमट काहीतरी वर आलं. भाषेने केलेली ती थट्टा मला त्या क्षणी मुळीच आवडली नाही.

आधी बाबा शेगडीवर तवा ठेवून पाय गरम करायचे आणि रोज हळहळायचे की हे काही खरं नव्हे. तेवढं ऐकून दादाने त्यांच्या वाढदिवसाला गॅसचा ओव्हन पाठवून दिला. पाठवायला काय जातं! वास त्याच्या घरात थोडाच येणार होता.

ओव्हन आल्यापासून रोज दुपारी चारला बाबांचा कारखाना सुरू. आधी ओव्हन रिकामा तापवायचा. दार उघडून उघडा हात आत धरायचा आणि आकडे मोजायचे. आठपर्यंत हात टिकला तर अजून थंड, पाचला मागे घ्यावा लागला तर बरोबर. मग पाय थेट तापलेल्या पत्र्यावर, खाली ताटली वगैरे काही नाही. झाकणावर ओल्या बोटांनी पाणी शिंपडायचं. मग खुर्ची घेऊन समोर बसायचं. घड्याळाकडे न बघता, दार न उघडता, बाबा नुसत्या वासावरून सांगतात की झाला. एकदा मळ्याने घड्याळ लावून पाहिलं होतं, अकरा मिनिटं भरली होती. गर उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी पडतो, जळतो, त्याचं काळं डांबर होतं, आणि ते डांबर रविवारी सकाळी सुरीने खरवडायचं काम माझं. रविवारी चार वाजता मात्र मी घरात थांबत नाही. कुठेही जाते, पण जाते.

पहिला आठवडा मळ्या कौतुकाने रोज दुपारी ओव्हन बघायला येऊन बसला आणि सगळं सुरळीत चाललं. तो यायचा थांबला आणि घात झाला. सोमवारी मी कामावरून सहाला आले तर घर तापलेलं, ओव्हन धगधगत होता आणि बाबा आत झोपलेले. बुधवारी शेजारच्या बाईंनी जळका वास आला म्हणून दार ठोठावलं. शुक्रवारी ओव्हनवर ठेवलेली माझी प्लास्टिकची परात वितळून बाजूने ओघळली.

“बाबा, ओव्हन बंद नाही का करायचा?”

“चालूच ठेवला होता,” ते म्हणाले, यात विचारण्यासारखं काय आहे अशा सुरात.

मी घाबरले. कामावर जाताना गॅसचा मुख्य खटका बंद करून जायला लागले. मग बाबा चार वाजता थंड पाय समोर घेऊन बसायचे आणि मी येईपर्यंत तसेच बसून राहायचे, मग तो थंडच खायचे. शेजारच्या बाई सांगायच्या, “काही खाल्लं नाही हो त्यांनी.” मी दादाला फोन केला आणि, खोटं कशाला बोलू, जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं.

दादाने निकाल दिला. “रविवारी आम्ही दोघं येतो. बाबांना माझ्यासमोर पाय गरम करू दे. कुणी मध्ये बोलायचं नाही, कुणी मदत करायची नाही. त्यांनी आपणहून ओव्हन बंद केला तर राहू दे तुझ्याकडे. नाही केला तर एका वृद्धाश्रमात मी जागा बोलून ठेवली आहे. तुझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवाशी खेळ नको.”

बाबांना हे सगळं ठाऊक होतं. दादा त्यांना तो वृद्धाश्रम दाखवूनही आला होता. स्वच्छ होता, बाग होती. परत आल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, “तिथे स्वयंपाकघराला कुलूप असतं गं. तिथे राहणाऱ्या कुणालाच आत जाऊ देत नाहीत. मला नका पाठवू तिथे.” मग बशीतला चिकट गर बोटाने निपटून चाटला. माझा जीव कळवळायच्या बेतात होता, पण त्या बोटाने घोटाळा केला.

त्या रविवारआधीच्या बुधवारी आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात पाणी नव्हतं, म्हणून मी दुपारीच घरी आले. मी घरात आहे म्हणून गॅसचा खटका चालू केला. मी बाहेरच्या खोलीत नाकाला ओढणी लावून बिलं चाळत बसले. अकरा मिनिटं झाली असतील. आतून बाबांची हाक आली, “अजून आहे का?”

मला वाटलं पायाबद्दल विचारताहेत. खिडकीत एकच तुकडा होता, तोही अर्धा मुंग्यांचा. मी वैतागून ओरडले, “नाही हो! शेवटचा!”

खट्. ओव्हनचं बटण बंद झालं.

मी बिलं खाली ठेवली. लहानपणी मी बेकरीत बाबांचा डबा घेऊन जायची ते आठवलं. भट्टी एका खोलीत आणि मळ्याचं टेबल भिंतीपलीकडे. एक खेप बाहेर काढली की बाबा भिंतीकडे तोंड करून ओरडायचे, “अजून आहे का?” पलीकडून मळ्याचा आवाज यायचा, “आहे!” मग भट्टी तशीच जळत ठेवायची. दिवसाच्या अखेरीला तो ओरडायचा, “शेवटचा!” मगच बंद करायची. उत्तर आलं नाही तर? तर मळ्याचे हात गुंतले आहेत असं समजायचं आणि भट्टी चालू ठेवायची. थंड झालेली भट्टी पुन्हा तापायला दीड तास लागे, आणि न विचारता भट्टी बंद करणाऱ्या एकाला मालकाने त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

म्हणजे हा माणूस रोज दुपारी माझ्या रिकाम्या घरात भिंतीला विचारत होता. भिंत उत्तर देत नव्हती, म्हणून ओव्हन चालू. शेगडी ते न चुकता बंद करायचे, कारण शेगडी म्हणजे काही भट्टी नव्हे. पहिल्या आठवड्यात मळ्या समोर बसलेला होता आणि सवयीने उत्तर देत होता. बाबांच्या डोक्यात काही बिघडलेलं नव्हतं. डोकं आमचं चाललं नव्हतं.

खात्री करावी म्हणून मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘शेवटचा’ लिहिलं आणि ओव्हनच्या वर भिंतीला डकवलं. बाबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, एका कामगाराने दुसऱ्याकडे बघून हलवावी तशी. गुरुवारी मी गॅस चालू ठेवून कामावर गेले आणि शेजारच्या बाईंना पाच वाजता डोकवायला सांगितलं. ओव्हन बंद. शुक्रवारीही बंद. शुक्रवारी संध्याकाळी बाबा म्हणाले, “बरं झालं पोरी. आता निदान कुणीतरी सांगतंय.”

मला इतकं बरं वाटलं की मी दादाला फोनच केला नाही. रविवारी समोरासमोर सांगेन, त्याचा चेहरा बघेन, असं ठरवून टाकलं.

आणि मग शनिवार उजाडला.

सकाळी मी आतल्या खोलीत कपाटाचा खालचा कप्पा उघडला. रविवारी घालायला पांढरा सदरा हवा होता. न बघताच हात आत घातला आणि तो मनगटापर्यंत कशाततरी रुतला. गार, मऊ, बुळबुळीत. हात बाहेर काढला तर जांभळ्या लगद्याने माखलेला, त्यावर करडी लव, आणि त्या लवेत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक माझ्या नखाच्या कडेवरून वर चढत होती. पांढरा सदरा उलगडून त्यात आख्खा पाय गुंडाळून ठेवलेला होता. रस खालच्या सगळ्या कपड्यांतून झिरपून कप्प्याच्या फळीपर्यंत पोचला होता.

मी किंचाळले. बाबा पलंगावरून उठून बसले.

“अगं, तो आलुबुखाराचा,” ते म्हणाले. “मळ्याने मागे एकदा ताजा आणला होता, त्याच दिवशी काढलेला. तुला शिळा आवडत नाही ना? म्हणून तुझ्यासाठी बाजूला ठेवला. सुती कापडात ठेवला, चांगला राहावा म्हणून. सांगायचं राहिलं.”

माझं मन तिथे भरून यायला हवं होतं. जन्मात पहिल्यांदा बापाने माझ्यासाठी ताजा पाय ठेवला होता. पण माझ्या नखात अळी होती. मी तीनदा साबणाने हात धुतला, मग कारखान्यातलं जंतुनाशक ओतून धुतला, कातडी लाल झाली तरी वास जाईना. चौदा महिन्यांचा सगळा मळ घशाशी आला. बशीतली कवळी, पँटला पुसलेला अंगठा, सोफ्यावरच्या मुंग्या, माझ्याच खोलीचं दार वाजवणारी मी. मला माझी खोली परत हवी होती. दार उघडल्यावर कसलाच वास येणार नाही असं घर हवं होतं. इतकं सरळ आणि इतकं वाईट मला आयुष्यात काही वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरचा कागद ओढून काढला. चुरगळून कचऱ्यात टाकला, वर तो सदराही टाकला. मनाशी म्हटलं, दादाच म्हणाला होता ना, कुणी मदत करायची नाही? मग नियम म्हणजे नियम. वकिलाला लाजवेल असं डोकं त्या दिवशी माझं चालत होतं.

रविवारी दादा आणि वहिनी साडेतीनला आले. दादाने कडी रुमालाने धरली, खुर्ची झटकली आणि बसला. वहिनी मनाने चांगली आहे. समोरच्याचं मन राखायला काहीही बोलते, आणि घरात शांतता पसरली की तिला गुदमरायला होतं. तिने सगळ्यांच्या हातांवर जंतुनाशकाचे थेंब टाकले आणि म्हणाली, “बाबा, आज तुमच्या हातचा पाय खायचाच म्हणून आम्ही जेवलोसुद्धा नाही हं.” दादाने तिला डोळ्यांनी गप्प केलं. आम्ही चौघं त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात कोंबून बसलो.

बाबांनी दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कवळी घासून बसवली होती. त्यांनी ओव्हन पेटवला. हात आत धरून मोजले, पाचला काढला. शुक्रवारी आलेला सफरचंदाचा पाय पत्र्यावर सरकवला, पाणी शिंपडलं आणि खुर्चीत बसले. दादा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. वास सुटला. बाबांनी नाक जरासं वर केलं, उठले आणि पाय बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवला. कड तांबूस झाली होती, गर एक थेंबसुद्धा सांडला नव्हता. दादालाही ते दिसलं. “वा,” तो स्वतःशी म्हणाला.

मग बाबांनी ओव्हनच्या बटणावर हात ठेवला.

त्यांनी वर भिंतीकडे पाहिलं. तिथे कागदाचे चार कोपरे तेवढे चिकटून राहिले होते. त्यांनी ते कोपरे पाहिले, मग वळून आमच्याकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “अजून आहे का?”

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. शब्द जिभेवर होता की नाही ते मात्र मी सांगू शकत नाही. कारण वहिनीला एवढी शांतता सहन झाली नाही.

“आहे की बाबा!” ती लाडाने म्हणाली. “भरपूर आहे. खोक्यात दोन आख्खे पडलेत अजून.”

बाबांनी समाधानाने मान हलवली, बटणावरचा हात काढला आणि खुर्चीत येऊन बसले. ओव्हन जळत राहिला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी बशा मोजत होते. पाच मिनिटं गेली. दहा गेली. वहिनी वृद्धाश्रमाच्या बागेतल्या फुलांबद्दल बोलत होती, बाबा हूं हूं करत होते, आणि ओव्हनच्या काचेमागे निळी ज्योत एकसारखी जळत होती. एक शब्द पुरे होता. अजूनही पुरे होता. मी चमचे पुसत राहिले, स्वच्छ होते तेच पुन्हा.

पंधरा मिनिटांनी दादा उठला, बटण बंद केलं आणि बाबांच्या समोर उकिडवा बसला. इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

“बाबा, ओव्हन चालू राहिला होता.”

“राहिला नाही. चालू ठेवला,” बाबा म्हणाले. “ही म्हणाली ना, आहे म्हणून.”

“कोण म्हणालं? काय आहे?”

“अहो, मी पायाबद्दल म्हटलं,” वहिनी गोंधळून म्हणाली. “पाय अजून आहेत म्हटलं. ओव्हनचं कुठे काय म्हणाले मी?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग दादाकडे. त्या दोघांना काही कळलेलं नाही हे त्यांना दिसलं. चिडले नाहीत. उलट किंचित हसले आणि माझ्याकडे वळले, कारण या घरात त्यांची भाषा येणारं आता एकच माणूस होतं.

“पोरी, तू सांग ना यांना.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादाच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, खरंच होती. मी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. दादा घाणेरडा माणूस नाही. घाणेरडं माणूस त्या खोलीत वेगळंच होतं, आणि ते हातात पुसलेले चमचे घेऊन उभं होतं.

“काय सांगू, बाबा?” मी म्हटलं.

बाबांचं हसू लगेच गेलं नाही. काही वेळ तसंच राहिलं, मग त्यांना कळलं. भिंतीवरच्या कोपऱ्यांकडे त्यांनी एकदा बघितलं, माझ्या लाल झालेल्या हाताकडे बघितलं. मला वाटलं आता बोलतील. तो कागद, गुरुवार, शुक्रवार, सगळं दादासमोर मांडतील. मांडावं असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे मग मला रागावता आलं असतं.

ते दादाकडे वळले.

“विसरलो रे मी,” ते म्हणाले. “बंद करायचं विसरलो. हिने फार केलं माझं. तू म्हणतोस तिथे जातो मी.”

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. दादाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच, बसल्या बसल्या, मान वर करून मला विचारलं, “हल्ली विसरतात का गं असे?”

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. पाटावरचा पाय कापायला त्यांनी सुरी घेतली होती आणि पहिला तुकडा माझ्या बशीत ठेवत होते.

“हो,” मी म्हटलं. “फार विसरतात.”